सेंद्रिय परसबागेतील उन्हाळी भाजीपाला

सेंद्रिय परसबागेतील उन्हाळी भाजीपाला म्हणजे रासायनिक खते आणि कृत्रिम कीटकनाशके न वापरता घराच्या मागील जागेत, अंगणात, विहिरीच्या कडेला किंवा गच्चीवर साधारण जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला व मार्च ते जून या काळात तोडणीस येणारा भाजीपाला होय. महाराष्ट्र आणि गोव्यात भेंडी, गवार, काकडी, दुधी भोपळा, दोडका, कारले, पडवळ, वांगी, टोमॅटो, मिरची आणि माठ ही या हंगामातील नेहमीची पिके आहेत. यांपैकी बहुतेक भाज्यांची फळे कोवळी असतानाच खाल्ली जातात आणि किडींनाही ती त्याच अवस्थेत हवी असतात. त्यामुळे या बागेत तोडणी आणि कीड नियंत्रण ही दोन वेगळी कामे राहत नाहीत. वेळेवर केलेली तोडणी हाच येथील सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

हंगाम आणि प्रदेश

उन्हाळी भाजीपाल्याचे स्वरूप प्रदेशानुसार बदलते. कोकण व गोव्यात भातकापणीनंतर जमिनीतील ओलावा आणि विहिरीचे पाणी यांवर वायंगणी हंगामातील भाज्या घेतल्या जातात. तेथे मे महिन्यातही दिवसाचे तापमान बहुधा ३३ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, परंतु हवेत दमटपणा भरपूर असतो. याउलट विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा अत्यंत कोरडी असते. विदर्भात नदीपात्रातील वाळूत खड्डे करून टरबूज, खरबूज व काकडी घेण्याची पद्धत जुनी आहे. अशा वाडीला डांगरवाडी म्हणतात. देशावर आणि मराठवाड्यात हंगामाची मर्यादा हवेपेक्षा पाणीच ठरवते. विहिरी आटू लागल्या की परसबागेला घरातील सांडपाण्यावर भागवावे लागते. आळ्यात किंवा वाफ्यात पालापाचोळ्याचे, उसाच्या पाचटाचे किंवा भाताच्या पेंढ्याचे आच्छादन केल्यास बाष्पीभवन कमी होते आणि मुळांजवळची माती थंड राहते.

दमट व कोरड्या हवेतील हा फरक किडींच्या बाबतीतही महत्त्वाचा आहे. कोळी कोरड्या उष्णतेत झपाट्याने वाढतात, तर फळमाशीला दमट हवा मानवते. विदर्भातील बागेसाठी दिलेला सल्ला सिंधुदुर्गातील मांडवाला तसाच लागू पडत नाही आणि याचा विसर पडल्यामुळे अनेक उपाय निरुपयोगी ठरलेले दिसतात.

तोडणीची वेळ

भेंडी पेरणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांत सुरू होते. फूल उमलल्यापासून ५ ते ७ दिवसांत फळ तोडण्यायोग्य होते आणि त्यानंतर त्यात झपाट्याने तंतू तयार होतात. म्हणून भेंडीची तोडणी एक दिवसाआड किंवा फार तर दोन दिवसांनी करावी लागते. फळाचे टोक बोटाने वाकवल्यावर कट् असा आवाज करून मोडले तर भेंडी कोवळी, केवळ वाकले तर जून, ही घरोघरी वापरली जाणारी परीक्षा पुरेशी विश्वासार्ह आहे. दुधी भोपळ्याच्या सालीत नख सहज रुतत असेल तर तो तोडणीस तयार समजतात. दोडक्याच्या शिरा टणक होण्यापूर्वी आणि कारल्याच्या आतील बिया लाल होण्यापूर्वी फळ काढावे लागते. काकडी उन्हाळ्यात एका रात्रीत लक्षणीय फुगते. पानाआड राहिलेली काकडी दोन दिवसांनी पिवळी पडलेली सापडते.

तोडणी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी केली जाते. रात्रीच्या गारव्यात फळात पाणी भरलेले असते आणि त्या वेळी काढलेली भाजी अधिक काळ ताजी राहते. दुपारी तोडलेली भेंडी काही तासांतच सुकते. भेंडी, काकडी व दोडका यांच्या बाबतीत वेलीवर किंवा झाडावर एखादे फळ जून होऊ दिले, तर बी पोसण्यासाठी झाडाची शक्ती खर्च होते आणि नवीन फळधारणा मंदावते. बियाण्यासाठी फळ राखायचे असल्यास ते हंगामाच्या उत्तरार्धात राखण्याचा प्रघात यामुळेच पडला आहे.

तोडणीचे अंतर आणि फवारणी

भाजीपाल्यावर कीटकनाशक फवारल्यानंतर ठरावीक दिवस फळे तोडू नयेत, असा नियम असतो. या अवधीला काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी म्हणतात आणि तो औषधानुसार व पिकानुसार बदलतो. एक दिवसाआड तोडल्या जाणाऱ्या भेंडीला हा नियम पाळणे मुळातच अवघड असते. प्रतीक्षा कालावधी पाच दिवसांचा असेल तर दोन तोड्यांची भेंडी जून होऊन वाया जाते. ती वाया जाऊ नये म्हणून लवकर तोडली, तर औषधाचा अंश ताटात येतो. बाजारासाठी पिकवणाऱ्या शेतकऱ्यापुढील हा पेच खरा आहे आणि त्यात केवळ त्याला दोष देणे अन्यायाचे ठरते. परसबागेत मात्र काही फळे गमावण्याची मुभा असते. घरच्या बागेत सेंद्रिय पद्धतीचा आग्रह धरण्यामागे जमिनीच्या आरोग्याइतकेच हे साधे गणितही आहे.

वारंवार तोडणीचा दुसरा लाभ किडींच्या जीवनचक्राशी निगडित आहे. भेंडीतील फळ पोखरणारी अळी, काकडीवर्गीय फळांतील फळमाशीची अळी आणि वांग्यातील अळी या तिघींनाही वाढ पूर्ण करण्यासाठी फळात काही दिवस राहावे लागते. वाढ पूर्ण होण्यापूर्वीच फळ झाडावरून काढले आणि किडके फळ बागेबाहेर नष्ट केले, तर त्या किडीची पुढील पिढी तेथेच थांबते. किडके फळ तोडून वाफ्याच्या कडेला टाकणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. अळी त्या टाकलेल्या फळातून बाहेर पडून शेजारच्याच मातीत किंवा पाचोळ्यात कोषावस्थेत जाते.

काकडीवर्गीय भाज्यांवरील फळमाशी

काकडी, कारले, दोडका, पडवळ, दुधी आणि भोपळा यांची सर्वांत त्रासदायक कीड म्हणजे फळमाशी. तिचे शास्त्रीय नाव झ्युगोडॅकस कुकुर्बिटी असे असून जुन्या ग्रंथांत ती बॅक्ट्रोसेरा किंवा डॅकस या प्रजातिनामांनी आढळते. तिचे मूळ स्थान भारत मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती हवाई बेटांवर पोहोचली आणि तेथील भाजीपाला शेतीचे तिने मोठे नुकसान केले.

मादी आपल्या टोकदार अंडनलिकेने कोवळ्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. टोचलेल्या जागी डिंकासारखा पाझर दिसतो आणि फळ तेथे आखडून वाकडे होते. वेलीवरील वाकड्या काकडीचे किंवा पडवळाचे हे एक प्रमुख कारण आहे. उन्हाळ्यात अंडी एक-दोन दिवसांत उबतात, अळ्या गर खातात आणि पूर्ण वाढ झाल्यावर फळातून बाहेर पडून मातीत उथळ खोलीवर कोष करतात. अंड्यापासून माशी होईपर्यंत उष्ण हवेत साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. अळी फळाच्या आत आणि कोष मातीत असल्याने वरून केलेली कोणतीही फवारणी, मग ती रासायनिक असो वा वनस्पतिजन्य, या दोन्ही अवस्थांपर्यंत पोहोचत नाही. अतिउष्ण व कोरड्या दिवसांत माशीची संख्या कमी राहते, परंतु वळवाच्या सरींनंतर ती पुन्हा वाढते. एप्रिलमध्ये निर्दोष असलेला कारल्याचा मांडव जूनच्या पहिल्या आठवड्यात किडलेला दिसण्यामागे हेच कारण असते.

सर्वांत खात्रीचा घरगुती उपाय म्हणजे फळाला आच्छादन घालणे. फुलाच्या पाकळ्या गळून कोवळे फळ दिसू लागताच त्याला वर्तमानपत्राची, पातळ कापडाची किंवा जाळीची पिशवी बांधतात. कारले, दुधी आणि दोडका यांना हा उपाय सोयीचा आहे. पिशवी परागीभवनापूर्वी बांधल्यास फळ धरत नाही आणि चार दिवस उशिरा बांधल्यास अंडी आधीच घातलेली असतात. शंभर वेलींच्या शेतात हे काम परवडणारे नाही, पण चार वेलींच्या मांडवावर ते रोजच्या पाणी देण्याबरोबर होऊन जाते.

सापळ्यांविषयी बराच गोंधळ आढळतो. आंब्यावरील फळमाशीचे नर मिथिल युजेनॉल या द्रव्याकडे आकर्षित होतात. तुळशीतही हे द्रव्य असल्यामुळे तुळशीच्या पाल्याचा सापळा आमराईत उपयोगी पडतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आंब्याच्या याच माशीसाठी प्रसिद्ध आहे. काकडीवर्गीय पिकांवरील माशीचे नर मात्र क्यू-ल्युअर या वेगळ्या द्रव्याकडे येतात. आंब्याचा सापळा कारल्याच्या मांडवावर टांगला तर त्यात माश्या भरतात, बागाईतदार समाधानी होतो आणि कारली किडतच राहतात. शिवाय बाजारातील तयार गोळीत किंवा लाकडी ठोकळ्यात आमिषद्रव्याबरोबर कीटकनाशकही असते. सेंद्रिय बागेत त्याऐवजी केवळ आमिष आणि तळाशी साबणाचे पाणी असलेली बाटली वापरता येते.

योग्य सापळ्यालाही मर्यादा आहे. त्यात केवळ नर सापडतात. फळ टोचणारी मादी मोकळीच राहते आणि तिचा संयोग शेजारच्या बागेत आधीच झालेला असू शकतो. एकट्या परसबागेत सापळ्याचा उपयोग मुख्यतः माशी आली आहे हे कळण्यासाठी होतो. संपूर्ण वाडीने किंवा गावाने एकाच वेळी सापळे लावले, तर संख्येवर परिणाम दिसतो. या माशीचे संपूर्ण उच्चाटन जपानमधील ओकिनावा बेटांवर साध्य झाले. तेथे १९७२ मध्ये कुमे बेटावरून सुरू झालेल्या कार्यक्रमात प्रारणांनी निर्बीज केलेले नर मोठ्या संख्येने सोडण्यात आले आणि १९९३ मध्ये संपूर्ण ओकिनावा प्रांत माशीमुक्त झाला. बेटांबाहेर, सलग भूभागावर, याची पुनरावृत्ती सोपी नाही.

किडकी फळे नष्ट करण्याच्या पद्धतींत दोन फूट खोल पुरणे, पाण्याच्या बादलीत काही दिवस बुडवून ठेवणे किंवा घट्ट बंद केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून कडक उन्हात ठेवणे यांचा समावेश होतो. उन्हाळ्यात तिसरी पद्धत सर्वांत सोपी असते. अशी फळे थेट कंपोस्टच्या ढिगावर टाकू नयेत, कारण घरगुती ढिगात अळ्या मारण्याइतकी उष्णता सर्वत्र निर्माण होत नाही. हवाईमध्ये यासाठी तंबूसारखी एक रचना वापरली जाते. तिच्या जाळीतून माशी बाहेर पडू शकत नाही, परंतु माशीच्या अळ्यांवर जगणारे तिच्याहून लहान परजीवी कीटक बाहेर पडून बागेत परततात.

भेंडीवरील किडी आणि केवडा रोग

भेंडीतील ठिपक्यांच्या बोंडअळीच्या इअरियास विटेला आणि इअरियास इन्सुलाना या दोन जाती आहेत. नावाप्रमाणे ती कपाशीचीही कीड असल्याने कापूस पिकवणाऱ्या भागात तिचा उपद्रव अधिक असतो. फळे नसताना अळी कोवळा शेंडा पोखरते व तो सुकून लोंबतो. फळे आल्यावर ती फळात शिरते. लोंबलेला शेंडा अळीसह खुडून नष्ट करणे हा फळे येण्यापूर्वीचा उपाय आहे.

केवडा किंवा हळद्या हा भेंडीचा विषाणुजन्य रोग आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, नंतर संपूर्ण पान पिवळे होते आणि फळे लहान, फिकट व कठीण येतात. या रोगाची पहिली नोंद १९२४ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातून झाली. त्याचा प्रसार पांढरी माशी करते. बियाण्यातून किंवा हाताळणीतून तो पसरत नाही. रोग झालेले झाड कोणत्याही अर्काने बरे होत नाही आणि ते लवकर उपटणे शेजारच्या झाडांसाठी आवश्यक असते. हिरव्या झाडांमध्ये चार-दोन भेंड्या अजून देणारे पिवळे झाड उपटणे अनेकांना जिवावर येते, आणि पांढऱ्या माशीला नेमके तेच झाड पुरते. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने १९८५ च्या सुमारास प्रसारित केलेली परभणी क्रांती ही जात भेंडीच्या एका रानटी नातलगाशी संकर करून रोगप्रतिकारक्षम बनवण्यात आली होती. ती दीर्घकाळ लोकप्रिय राहिली. पुढे अनेक ठिकाणी तिची प्रतिकारशक्ती क्षीण झालेली आढळली. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची अर्का अनामिका ही जातही याच गुणासाठी लावली जाते.

तुडतुडे व पांढरी माशी पानांच्या खालच्या बाजूने रस शोषतात. पिवळे चिकट सापळे त्यांची संख्या कळण्यास उपयुक्त आहेत, परंतु त्यांवर मधमाश्या आणि मित्रकीटकही चिकटतात, ही बाब सापळे विकणारे क्वचितच सांगतात. भेंडीवरील पिठ्या ढेकूण बहुतेकदा कुंपणावरील जास्वंदीवरून येतो. दोन्ही वनस्पती एकाच कुळातील आहेत. मुंगळ्यांची रांग दिसल्यास ती वरपर्यंत पाहावी, कारण मुंग्या पिठ्या ढेकणाचा गोड स्राव खातात आणि त्याचे शत्रूंपासून रक्षण करतात.

वांगी आणि टोमॅटो

वांग्यावरील शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीचे शास्त्रीय नाव ल्युसिनोडेस ऑर्बोनॅलिस असे आहे. अळी लहान असताना फळात शिरते आणि तिचे प्रवेशछिद्र भरून येते, त्यामुळे बाहेरून निर्दोष दिसणारे वांगे कापल्यावर किडके निघते. सालीवर मोठे छिद्र दिसते ते अळी बाहेर पडल्याचे. सुकलेले शेंडे आठवड्यातून एकदा खुडणे, कामगंध सापळे लावणे आणि लहान बागेत संपूर्ण वाफ्यावर जाळी घालणे हे उपाय केले जातात. या एका अळीमुळे वांगे हे भारतातील सर्वाधिक फवारल्या जाणाऱ्या भाज्यांपैकी एक बनले. तिच्यावरील उपाय म्हणून विकसित केलेल्या बीटी वांग्याला जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये अनुकूल शिफारस दिली, परंतु फेब्रुवारी २०१० मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्यावर स्थगिती जाहीर केली. बांगलादेशाने २०१३ मध्ये त्याला परवानगी दिली. जनुकीय बदल केलेली बियाणी सेंद्रिय उत्पादनाच्या मानकांत बसत नाहीत.

टोमॅटोला फळ पोखरणाऱ्या घाटेअळीचा उपद्रव होतो. ही अळी हरभऱ्यावरही येते. तिच्यासाठी झेंडू हे सापळा पीक म्हणून लावतात. मादी पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालणे पसंत करते. झेंडू टोमॅटोच्या फुलोऱ्याबरोबरच फुलावा यासाठी त्याची रोपे टोमॅटोच्या रोपांपेक्षा सुमारे दोन आठवड्यांनी मोठी असावी लागतात. शोभेसाठी नंतर लावलेला झेंडू हे काम करत नाही. झेंडूवरील अळ्या वेचल्या नाहीत तर सापळा पीक हेच किडीचे माहेरघर बनते. दक्षिण अमेरिकेतून पसरलेली टोमॅटोची नागअळी २०१४ मध्ये महाराष्ट्रात आढळली आणि तेव्हापासून उन्हाळी टोमॅटोपुढील अडचणीत भर पडली आहे.

कोळी

कोळी हे कीटक नसून आठ पायांचे सूक्ष्म जीव आहेत. एप्रिल-मेमध्ये वांगी, भेंडी व काकडीच्या पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि खालच्या बाजूस तलम जाळी दिसते. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारणे आणि बागेतील धूळ कमी करणे हा पहिला उपाय होय. व्यापक परिणाम करणाऱ्या कीटकनाशकांमुळे कोळ्यांचे शत्रू मरतात आणि कोळी अधिक वाढतात. सेंद्रिय बागेत त्यांचा उद्रेक तुलनेने कमी असण्याचे हे एक कारण आहे.

किडीसारखी भासणारी इतर लक्षणे

उन्हाळ्यातील बरेच नुकसान किडींमुळे होत नाही, तरी त्याचा दोष त्यांना दिला जातो. दुधी किंवा काकडीचे बोटभर फळ पिवळे पडून गळते, ते अनेकदा परागीभवन न झाल्यामुळे. अशा फळाची साल अखंड असते आणि आत अळी नसते, यावरून फळमाशीशी फरक करता येतो. भोपळा, काकडी व कारल्याची फुले सकाळी उमलतात, तर दुधी व दोडक्याची संध्याकाळी. मधमाश्या कमी असल्यास नरफुलातील पराग हाताने मादीफुलावर टेकवून परागीभवन करता येते. तीव्र उष्णतेत वेलीवर नरफुलांचे प्रमाण वाढते, तेही वेलीचे आजारपण नसते.

टोमॅटोची फुले रात्री गरम असल्यास गळतात. ३० अंशांहून अधिक तापमानात लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही आणि फळ पिवळट-नारिंगी राहते. फळाच्या बुडाशी पडणारा काळा, खोलगट डाग हा पाणी अनियमित मिळाल्याने फळापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याचे लक्षण आहे. काकडी व दुधी कडू होण्यामागे कुकुर्बिटॅसिन ही द्रव्ये असतात. दुधीचा कडूपणा दुर्लक्षिण्यासारखा नाही. कडू दुधीचा रस प्यायल्याने गंभीर विषबाधा व मृत्यू झाल्याच्या घटना भारतात नोंदल्या गेल्या असून, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू लागणारा रस लगेच टाकून देण्याचा सल्ला दिला आहे. भाजीसाठी दुधी चिरताना तुकडा चाखण्याची जुनी सवय या दृष्टीने योग्यच म्हणावी लागेल.

मित्र व शत्रू ओळखण्यातही गफलत होते. मावा खाणारा चकचकीत ढालकिडा आणि वांग्याची व कारल्याची पाने खरवडणारा, अंगावर बारीक लव असलेला २८ ठिपक्यांचा एपिलॅक्ना भुंगेरा एकमेकांसारखे दिसतात. पान चाळणीसारखे झाले असेल तर भुंगेरा शत्रूच समजावा. ढालकिड्याची काळसर, मगरीच्या आकाराची अळी तर बहुतेक बागांत कीड म्हणूनच चिरडली जाते.

निंबोळी अर्क आणि इतर अर्क

पाच टक्के निंबोळी अर्क महाराष्ट्रात सर्वाधिक वापरला जातो. परसबागेच्या प्रमाणात ५० ग्रॅम निंबोळीच्या गराची भरड फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवतात, सकाळी पुरचुंडी पिळून घेतात, थोडे साबणाचे पाणी मिसळतात आणि एकूण द्रावण एक लिटर करतात. यातील मुख्य घटक ॲझाडिरॅक्टिन हा कीटकांची भूक व कात टाकण्याची क्रिया मंदावतो. कीड तत्काळ मरून पडत नाही, म्हणून अर्क निष्फळ ठरला असा समज होतो. सूर्यप्रकाशात हा घटक लवकर विघटित होत असल्याने फवारणी सायंकाळी करावी लागते. दुधी व दोडक्याची फुले मात्र त्याच वेळी उमलत असल्याने तेथे उमललेली फुले टाळून पानांच्या खालच्या बाजूस फवारणे श्रेयस्कर असते. कडुनिंबाच्या बुरशीनाशक उपयोगावर १९९४ मध्ये दिलेले युरोपीय पेटंट भारतातून व युरोपातून झालेल्या हरकतींनंतर २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलातही तो निर्णय कायम राहिला.

दशपर्णी अर्कात कडुनिंब, करंज, सीताफळ, निर्गुडी, रुई, एरंड, कण्हेर, पपई, गुळवेल, घाणेरी अशा वनस्पतींचा पाला शेण व गोमूत्रासह साधारण महिनाभर आंबवतात. घटकांची यादी गावागणिक बदलते आणि त्यामुळे परिणामही एकसारखा नसतो. सेंद्रिय म्हणजे निर्विष, हा समज येथे धोकादायक आहे. कण्हेर आणि रुई माणसालाही विषारी आहेत आणि सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांना गंभीर इजा करते. तंबाखूच्या काढ्यातील निकोटिन तर तीव्र विष आहे. असे अर्क बनवताना व फवारताना हातमोजे आणि चष्मा वापरणे, आणि फवारणीनंतर भाजी काही दिवस न तोडणे, ही काळजी रासायनिक औषधांइतकीच आवश्यक असते. मातीतील जिवाणूपासून मिळणारे स्पिनोसॅड काही देशांच्या सेंद्रिय मानकांत मान्य आहे, परंतु ओले असताना ते मधमाश्यांना मारक ठरते.

विचार आणि मतभेद

सेंद्रिय शेतीच्या विचाराचा एक प्रमुख स्रोत इंदूर येथे आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात तेथील वनस्पती उद्योग संस्थेत कंपोस्टची इंदूर पद्धत विकसित केली. कीड ही पिकाच्या किंवा जमिनीच्या दोषाकडे बोट दाखवते, निरोगी मातीतील पीक तिला सहसा बळी पडत नाही, अशी त्यांची भूमिका होती. महाराष्ट्रात कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून थोड्या जागेत, स्थानिक सेंद्रिय द्रव्य व सूर्यप्रकाश यांच्या नेमक्या वापरातून कुटुंबाची गरज भागवण्याचे प्रयोग लोकांपर्यंत नेले.

हॉवर्ड यांचे प्रतिपादन मावा, तुडतुडे अशा रसशोषक किडींच्या बाबतीत बऱ्याच अंशी अनुभवास येते. नत्राच्या अतिरेकाने पोसलेल्या लुसलुशीत झाडावर त्या अधिक येतात, आणि हे ताज्या शेणखताच्या अतिवापरानेही घडते. फळमाशीच्या बाबतीत मात्र ते टिकत नाही. ती उत्तम मातीतील निरोगी काकडीही तितक्याच सहजतेने टोचते. कीड आली म्हणजे बागाईतदाराचे काहीतरी चुकले, हा निष्कर्ष त्यामुळे सरसकट काढता येत नाही. व्यापारी सेंद्रिय उत्पादनासाठी भारतात २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची मानके आहेत. घरच्या वापरासाठीच्या परसबागेला कोणत्याही प्रमाणपत्राची आवश्यकता नसते.

हंगामाची अखेर

मृगाच्या पावसापूर्वी उन्हाळी वेली काढून टाकल्या जातात. रोगट भेंडी व फळमाशीने किडलेल्या वेलींचे अवशेष मांडवावर तसेच राहिल्यास त्यांतील किडी पावसाळी काकडी व दोडक्यावर स्थलांतरित होतात. रिकाम्या झालेल्या आळ्यांची माती उकरून आठवडाभर उन्हात तापवली तर फळमाशीचे कोष उघडे पडतात आणि पक्षी, मुंग्या व ऊन यांनी नष्ट होतात. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची संख्याही घटते. बियाण्यासाठी राखलेला दुधी व दोडका वेलीवरच वाळू देतात आणि पाऊस सुरू होण्याआधी उतरवतात. याच सुमारास कडुनिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा पडू लागतो. त्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून हवेशीर पोत्यात ठेवल्या जातात. ओलसर राहिल्यास त्यांना बुरशी येते आणि पुढील वर्षीच्या अर्कासाठी त्या निरुपयोगी ठरतात.